शिंगांचं कडं

आपल्या आज्याच्या आज्यानेही नुसतं ऐकलेल्या, फार फार जुन्या काळातली ही गोष्ट. एका रानात गव्यांचा एक कळप राहत होता. एका बाजूला वाघाचं राज्य, दुसऱ्या बाजूला ओढ्यापलीकडे रानकुत्र्यांचं, आणि मधल्या कुरणात हे. ना सगळ्यांत बलवान, ना अगदीच दुबळे.

त्यांची एक जुनी रीत होती. विसाव्याला थांबले की वासरं मध्ये घ्यायची आणि शिंगं बाहेर करून भोवती कडं धरायचं. त्यामुळे त्यांचं वासरू कधी कुणी नेलं नव्हतं.

एकदा वाघ कळपाच्या म्होरक्याला म्हणाला, "गवेराव, रानकुत्र्यांपासून मी तुम्हाला राखीन. पण मित्रावर कुणी शिंगं रोखतं का? मनाला लागतं हो."

म्होरक्या पाघळला. वाघाच्या बाजूचं कडं त्याने उघडलं.

कळपातल्या एका म्हाताऱ्या गाईचं पित्त खवळलं. उतारवयात झालेलं तिचं एकुलतं वासरू त्याच बाजूला निजायचं. ती म्हणाली, "अरे, वाघाच्या मनाला काय लागतं ते ऐकलंस. त्याच्या पोटाला काय लागतं ते विचारलंस का?"

"मावशी, राजकारण तुम्हाला कळायचं नाही," म्होरक्या म्हणाला.

मग रानकुत्र्यांचा नायक रुसून आला. "वाघाला वाट मोकळी आणि आम्हाला शिंगं? हा दुजाभाव झाला."

म्होरक्याने तीही बाजू उघडली, आणि दोघांनाही सारखं राखलं म्हणून दिवसभर मिरवला. काय म्हणावं असल्या शहाण्याला? दोन डगरींवर पाय ठेवणारासुद्धा निदान खाली बघतो.

म्हातारी वासराला पोटाशी घेऊन उभी राहू लागली. पण एकटीचं कडं होत नाही.

उन्हाळ्यात ओढा आटला, शिकार मिळेनाशी झाली. पलीकडून रानकुत्री आली. म्होरक्याने वाघाला हाक मारली, "मित्रा, धाव." वाघ धावत आला, म्हातारीचं वासरू उचललं आणि चालता झाला. आणखी दोन वासरं रानकुत्र्यांनी नेली. वाघ आणि कुत्री एकमेकांवर गुरगुरलीसुद्धा नाहीत.

"वाघाने विश्वासघात केला," म्होरक्या पुटपुटला.

"वाघ वाघासारखाच वागला," म्हातारी कडाडली. "विश्वासघात तू केलास. शिंगं तुझ्या डोक्यावर होती आणि लेकरू माझं होतं."

त्या दिवशी कळपाने पुन्हा कडं धरलं. म्होरकेपण काढून घेतलेल्या त्या गव्याला वाघाच्या बाजूला उभं केलं. म्हातारीही कड्यात उभी राहिली. मध्ये तिचं काहीच उरलं नव्हतं, तरी उभी राहिली.

लहानथोरांनी यातून घ्यावं ते एवढंच: मैत्री सगळ्यांशी करावी, पण आपल्या लेकरांची राखण दुसऱ्याच्या गोड शब्दांवर सोडू नये.