खोक्यातला अकरावा मॉनिटर

माझं कुणी खरं धरलं नाही. पाच वर्षं त्या गेमिंग सेंटरच्या स्क्रीन मी पुसते, पण चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकणार! नवे दहा मॉनिटर लागले त्याच दिवशी मालकांना, धैर्यशीलदादांना, मी म्हणाले होते, "दादा, खेळातली गाडी पळाली की मागं धूसर शेपूट दिसतंय." ते हसले. पुढं पोरं खेळायला यायची थांबली, तेव्हा मॉनिटर निवडणारे त्यांचे मेहुणे सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या ओल्या फडक्यानं स्क्रीन बिघडल्या. काढून टाका हिला."

दादांनी माझ्याकडची सेंटरची चावी मागितली. या वयात मला दुसरं काम कोण देणार? तरी मेहुण्यांना विचारलं, "सर, सोबत आलेला अकरावा खोक्यात बंद आहे. तो तरी चांगला आहे ना?"

"एकदम चांगला! त्याला तुझं फडकं लागलेलं नाही."

"मग तोच लावा. गाडी बिनशेपटीची पळाली, तर चावी ठेवून जाते."

सरांनी स्वतः चिकटपट्टी फाडली. मॉनिटर लागला, गाडी पळाली, मागं वीतभर शेपूट.

"सर, हा कुणाच्या फडक्यानं बिघडला?"

माफी कुणी मागितली नाही. पाच वर्षं राबणाऱ्या बाईवर बसला नाही तो विश्वास एका बंद खोक्यावर बसला. दादांनी मान खाली घालून बायकोला फोन लावला. "अगं, मावशींनी काही बिघडवलं नाही. मॉनिटरच चुकीचे निवडले. कुणी म्हणजे? तुझाच भाऊ, विश्वजित."