तांब्याभर पाणी

माझ्या चॅनेलला सहा लाख माणसं होती. दानधर्माचे व्हिडिओ त्यांना फार आवडत, आणि माझं घर त्यांवरच चालायचं.

केरसुण्या वळणाऱ्या ठकूआजींना मी नवं लुगडं दिलं, पण त्यांचा चेहरा काही मनासारखा येईना. तीनदा लुगडं परत घेतलं, तीनदा पुन्हा दिलं. "आजी, जरा रडवेलं तोंड करून हात जोडा की!"

उन्हानं घसा सुकला, म्हणून पाणी मागितलं. आजींनी तांब्या दिला, आणि मी तोंडाला लावणार तोच काढून घेतला.

"असं नाही, लेकरा. आधी रडवेलं तोंड करून हात जोड. सूनबाई, घे गं व्हिडिओ!"

सुनेनं हातातली केरसुणी फोनसारखी माझ्यावर रोखली.

माझे हात आपोआप जुळले. तोंड मुद्दाम रडवेलं करावं लागलं नाही.