शेगडीशिवाय चहा

या गोष्टीतला मूर्ख मीच, हे आधीच सांगून टाकतो. मी मिथेनॉलच्या कारखान्याचा मॅनेजर होतो. आमचे ऑपरेटर दगडू ढोणे दर वर्षी अर्ज द्यायचे, "यंत्रातून निघणारा तापलेला गॅस आपण उगाच पाण्याने गार करतो. त्याच उष्णतेवर बॉयलरचं पाणी तापवू, कोळसा वाचेल." मी दर वर्षी शेरा मारायचो, 'उष्णता किरकोळ आहे.'

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी येऊन सांगितलं, ढोणे प्लांटमध्ये चहा उकळताहेत. जिथे काडेपेटीसुद्धा गेटवर काढून घेतात, तिथे! मी तणतणत खाली गेलो.

"ढोणे, शेगडी कुठे लपवलीत?"

"शेगडी नाही, साहेब." त्यांनी बोट दाखवलं. तापलेल्या गॅसच्या, वर आवरण नसलेल्या पाइपावर किटली ठेवली होती आणि चहाला उकळी फुटली होती. "तुमच्या किरकोळ उष्णतेवर केलाय. घ्या."

मी कप घेतला.

"अहो, मग चौदा वर्षांत हे एकदाही का नाही दाखवलंत?"

"चहा रोजच व्हायचा, साहेब. तुम्ही आज पहिल्यांदा खाली आलात."