गाऊन मागायची इच्छा

टेकडीखालच्या एका वाडीत एक चिमुकली शाळा होती. पिवळ्या भिंती, निळी दारं आणि लाल कौलांवर दिवसभर चिमण्यांचा चिवचिवाट. या शाळेत जवळजवळ सगळं गाऊनच चालायचं. पाढे गाऊन, महिन्यांची नावं गाऊन. हात धुवायचं गाणं वेगळं आणि ओळीत उभं राहायचं वेगळं. बेरीज चुकली तर कुणी रुसू नये म्हणून दळवीबाईंनी एक छोटंसं गाणं रचलं होतं. ते इतकं गोड होतं की काही लबाड मुलं मुद्दाम बेरीज चुकवायची.

तिसरीतल्या सगुणाला वडील नव्हते. तिची आई शाळेतच खिचडी शिजवायची. घरी मायलेकींचं मीठ-भाकरीवर कसंबसं भागायचं. सगुणाचा एकुलता एक फ्रॉक इतका विटला होता, की त्यावरची फुलं गुलाबी होती की जांभळी, हे तिलाही आठवत नसे. पण गायला लागली की ती सगळं विसरायची. आवाज मात्र घोगरा, जाडाभरडा.

शाळेचं संमेलन जवळ आलं. सगळ्यांनी मिळून एक गाणं म्हणायचं ठरलं. तालमीत पेटी वाजवता वाजवता बाई थांबल्या.

"सगुणा, बाळा, तुझा आवाज वेगळाच पडतोय गं. तू मागे उभी राहा आणि नुसते ओठ हलव. कुणाला कळायचं नाही."

बाई काही दुष्ट नव्हत्या. गाणं छान व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण सगुणाला फार लागलं. त्या दिवसापासून ती सगळीकडेच नुसते ओठ हलवू लागली, पाढ्यांनासुद्धा. आणि न गाता पाढे काही आठवेनात. सात सक्कं म्हटलं की पुढे सगळा अंधार.

"आई, मी आता शाळेत जाणार नाही," ती एकदा म्हणाली. "तुला चूल पेटवायला मदत करीन."

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "संमेलनापर्यंत तरी जा, बाळ. मग तुझं तू ठरव."

शाळेमागे मुलांची परसबाग होती. हिरवीगार मेथी, लाल माठ, आणि कुंपणावर चढलेला दुधी भोपळ्याचा वेल. शाळा सुटल्यावर सगुणा तिथे पाणी घालायची. भोपळ्याची पांढरीशुभ्र फुलं संध्याकाळी उमलतात. त्या संध्याकाळी एक फूल उमललं आणि त्यातून उतरली एक इवलीशी परी. अंगठ्याएवढी उंची, पाकळ्यांचा झुळझुळीत घागरा आणि गालांना सोनेरी पराग.

"पाणी सगळ्यांत आधी सुकलेल्या रोपाला घालतेस," परी म्हणाली. "मी रोज बघते. तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण नियम आहेत हं. इच्छा एकच. ती गाऊनच मागायची, नुसती बोललेली मला पुरी करता येत नाही. आणि उद्या संध्याकाळच्या आत हं, कारण परवा मी निघून जाणार."

सगुणाला काय मागायचं ते पक्कं ठाऊक होतं. मधासारखा गोड आवाज. तिने तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज काही फुटेना. बाईंचे शब्द गळ्यात जाऊन बसले होते.

"ओठ दिसले मला," परी हळूच म्हणाली. "आवाज कुठे ठेवलास गं?"

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्या गाते मी, परीताई," एवढंच म्हणून ती घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पहिलीतली पिटुकली हौसा ताट घेऊन उभी होती. तिला बोलताना शब्द अडायचे. "म-म-मला ख-ख-ख..." खिचडी काही तोंडातून बाहेर येईना. मुलं फिसकन हसली. हौसा तशीच रिकामं ताट घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली. गाण्यात हीसुद्धा मागच्याच ओळीत असे, ओठ हलवत. मुलं हसतील या भीतीने पाढ्यांनाही तिचे नुसते ओठच हलायचे.

सगुणाने तिला आपल्या ताटातली खिचडी दिली. इच्छा एकच होती आणि संमेलन उद्यावर आलं होतं. हौसाला इच्छा दिली तर आपल्याला मागेच उभं राहावं लागणार, हे तिला दिसत होतं. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण मला निदान भूक लागली हे तरी सांगता येतं, असं तिच्या मनात आलं, आणि संध्याकाळी ती हौसाचा हात धरून परसबागेत गेली.

"परीताई, माझी इच्छा हिला द्या. हिचे शब्द अडू नयेत."

"तिची तिलाच मागावी लागेल," परी म्हणाली. "आणि गाऊनच."

हौसा घाबरून सगुणाच्या मागे लपली. "म-मला न-नाही येत."

"हात धुवायच्या गाण्याची चाल येते ना तुला? मी सूर धरते. तू माझ्या सुरावर फक्त शब्द ठेव."

आणि सगुणा गुणगुणू लागली. कितीतरी दिवसांनी तिचा घोगरा आवाज बाहेर आला. तिला स्वतःला ते कळलंही नाही, कारण तिचं सगळं लक्ष हौसाकडे होतं. हौसाने डोळे मिटले आणि ती बारीक आवाजात गायली,

"परीताई, परीताई, ऐका माझं गाणं..."

एकही शब्द अडला नाही. हौसाने डोळे उघडले. तिने पुन्हा गाऊन पाहिलं. शब्द कसे एकामागोमाग एक बाहेर येत होते. गाताना शब्द अडत नाहीत, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कसं? तिला तर नुसते ओठ हलवायला लावलं होतं.

आता मागायचं काय? हौसाने सगुणाकडे पाहिलं आणि हसून पुढे गायली,

"परीताई, परीताई, एवढं कराच बाई,
सगुणाताई गाईल उद्या, गप्प राहणार नाही."

"दिली," परी म्हणाली, आणि फुलात शिरली.

सगुणाने घरी जाताना घसा खाकरून पाहिला. आवाज होता तसाच, जाडाभरडा. ती थोडी हिरमुसली, पण हौसा वाटभर गात होती, म्हणून तीही हसली.

संमेलनाला पटांगण भरून गेलं. निळ्या-केशरी पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. गाणं सुरू झालं. पाहुणे बघून पुढची मुलं बावरली, आणि त्यांनी सूर फारच वर धरला. प्रत्येक कडव्याला तो आणखी वर चढू लागला. चिमुकले गळे चिरकले. दळवीबाईंची पेटी एकीकडे आणि मुलं दुसरीकडे. बाईंचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात मागच्या ओळीत सगुणाचे ओठ हलले आणि त्यातून आवाज आला. खालचा, भरदार, पेटीला अगदी धरून. तिच्यासोबत हौसा गाऊ लागली. पुढच्या मुलांच्या कानांना तो सूर सापडला, तशी ती एकेक करून खाली आली. हिंदकळणारी घागर चुंबळीवर बसावी, तसं गाणं नीट बसलं.

खिचडीघराच्या दारात उभ्या असलेल्या सगुणाच्या आईने पदराने डोळे पुसले.

गाणं संपल्यावर बाई मागच्या ओळीपाशी आल्या. "माझं चुकलं गं, पोरी," त्या म्हणाल्या. "वेगळा म्हणून ज्याला मागे ठेवलं, त्याच आवाजाने आज सगळ्यांना सांभाळलं."

सगुणाने परसबागेकडे पाहिलं. वेलावर परी उभी होती. तिने पाकळ्यांचा घागरा सावरला, एक हात उंच केला, आणि मावळत्या उन्हात सोनेरी उजेडाची एक लकेर होऊन विरून गेली.

त्यानंतर सगुणाचे पाढे परत आले आणि शाळा सोडायची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. आता त्या शाळेत हजेरीसुद्धा गाऊन होते. बाई पेटीवर सूर देतात आणि नाव गातात. हौसाचं नाव आलं की ती आपलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, सगळं न अडता गाऊन दाखवते, आणि मग सगळी शाळा वाट बघत थांबते. मागून एक घोगरा, जाडाभरडा आवाज येतो, "हजर, बाई." तो आला की दिवस सुरू होतो.