पहिले तीनशे मीटर

“...आणि आक्का, साडेचार किलोमीटर उंचावरसुद्धा धूळ असते, हे तरी ठाऊक होतं का तुम्हाला?”

“नव्हतं बाबा,” चिमाआक्का म्हणाल्या. “तिथवर कोण गेलंय झाडायला!”

डॉक्टर उपळेकर हवेतल्या धुळीचे मोठे जाणकार. दीक्षा घ्यायची म्हणून चिमाआक्कांच्या टेकडीवरच्या या मठात आले, तर आक्कांनी हातात खराटा दिला. तीन आठवडे अंगण झाडून जीव अगदी मेटाकुटीला आला होता. आपण कोण आहोत हे म्हातारीला एकदा कळू दे, की दीक्षा मिळालीच, असं त्यांनी मनाशी धरलं आणि शहरातून आपलं लेझरचं यंत्र मागवून घेतलं.

दिवेलागण झाली. अंगणातून हिरवा किरण सरळ आभाळात गेला.

“किरण धुळीला लागतो, थोडा उजेड परत येतो. किती वेळानं आला, त्यावरून उंची कळते. ही बघा पडद्यावर रेघ. ही धूळ समुद्रापलीकडच्या वाळवंटातली आहे.”

“अगं बाई, पाहुणी आलीय की!” आक्का मनापासून हरखल्या.

उपळेकरांची कळी खुलली. आता विचारायला हरकत नव्हती.

“मग आक्का, दीक्षेचं...”

आक्का उठल्या. कोपऱ्यातला खराटा घेतला आणि यंत्राभोवती सपासप झाडायला लागल्या.

“आक्का! दिवेलागणीला केर काढत नाहीत!” शास्त्रज्ञांच्या तोंडून निसटलं.

धुळीचा लोट उठला. हिरव्या किरणात धूळ नुसती चमचमत होती. उपळेकरांना लागोपाठ सात शिंका आल्या.

“आता बघ. ही दिसली का?”

पडद्यावर वरची रेघ जागच्या जागी होती. खाली काहीच नव्हतं.

“नाही दिसणार,” उपळेकर नाक पुसत म्हणाले. “पहिले तीनशे मीटर याला दिसतच नाहीत. फार जवळचं... याच्या नजरेत येत नाही.”

बोलले आणि त्यांची नजर पायाखालच्या अंगणाकडे गेली.

आक्कांच्या भुवयांवर धूळ, उपळेकरांच्या मिशांवर धूळ.

मग उपळेकरांना जे हसू फुटलं, ते आवरेना. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटत होतं. डोळे पुसत त्यांनी कसंबसं विचारलं,

“आणि दीक्षा, आक्का?”

आक्कांनी खराटा त्यांच्या हातात दिला.

“तीनशे मीटर झाले, की हाक मार.”