काजळी फासलेला व्हॉल्व्ह

एकदा एका गिरणीवालीवर इंजिन शिकण्याची पाळी आली. गिरजा तिचे नाव. नवऱ्यामागे पिठाची गिरणी तिच्यात आणि धाकट्या दिरात समाईक आली, आणि गिरणीबरोबर आले तिचे म्हातारे इंजिन. हल्ली हँडल मारावे तर ते आतून नुसते फुस्स करी. दिराने शेवटी सांगून टाकले, की सोमवारी भंगारवाला येईल, हे धूड त्याच्या गळ्यात बांधू. गिरजाची चूल त्या धुडावरच पेटत होती. ती कडाकडा भांडली, आणि तेव्हापासून एका अंगणात राहून दोघांचे बोलणे बंद झाले.

भांडणाने इंजिन सुरू होत नाही, एवढे मात्र तिला कळत होते. ती तडक कासमचाचांकडे गेली. चाचा पंचक्रोशीतले जुने मिस्त्री. आता हात कापत, म्हणून काम घेत नसत. त्यांनी एकच विचारले, की करणार कोण? ती म्हणाली, मी. तेव्हा ते उठून तिच्याबरोबर गिरणीत आले.

चाचांनी बसल्या जागेवरून सांगावे आणि गिरजाने करावे, असे काम चालले. तिने इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे जड झाकण, उतरवले, स्प्रिंगा दाबून दोन्ही व्हॉल्व्ह बाहेर काढले. हवा आत घेणारा बरा होता. धूर बाहेर सोडणाऱ्यावर मात्र काजळीचे पापुद्रे धरले होते. हा साफ कर, असे सांगून चाचा नमाजाला गेले.

साफ करणे म्हणजे काय, हे गिरजाला कोणी शिकवायला नको होते. आयुष्यभर तिने तांब्यापितळेची भांडी घासली होती. तिने तो खरडला, रॉकेलने धुतला आणि पॉलिश पेपरने असा उजळला की त्यात तोंड दिसावे.

चाचा परतले. त्यांनी व्हॉल्व्ह निरखला, खरडून काढलेल्या काजळीत बोट बुडवले आणि ती त्या लखलखीत कडेला गोल फासली. गिरजाला संताप आला. चाचांनी तिकडे लक्ष दिले नाही. व्हॉल्व्ह ज्या बैठकीवर टेकतो तिच्यावर तो ठेवला, दाबून किंचित फिरवला आणि उचलला. बैठकीवर काळे कडे उमटायला हवे होते. उमटली चंद्राची कोर.

"भांडं घासलंस तू, पोरी," चाचा म्हणाले. "भांडं चमकलं की झालं. व्हॉल्व्हनं नुसतं चमकून भागत नाही, त्याला बसावं लागतं. जिथं काळं उमटलं नाही, तिथनं हवा पळते. अन् याला एकट्याला जन्मभर घासलंस तरी हा बसायचा नाही. बैठकीवरच घासायचा, मधी खरखरीत पेस्ट घालून. दोघं थोडी थोडी झिजतात, मग बसतात."

गिरजाने पदर खोचला. पेस्ट लावलेला व्हॉल्व्ह काठीच्या टोकाला रबरी वाटीने चिकटवून, बैठकीवर टेकवून ती दोन्ही तळव्यांत काठी रवीसारखी घुमवू लागली. तळव्यांना फोड आले तरी थांबली नाही. आधी कानाला बोचणारी खरखर हळूहळू मऊ होत गेली. घुमवता घुमवता तिला दिराचा खांदा आठवला. रोज पहाटे हँडल मारून तो पार आखडला होता, आणि भांडताना तिने एका शब्दानेही त्याची विचारपूस केली नव्हती. तिला मनापासून वाईट वाटले. तिने पुन्हा काजळी फासून पाहिली. या वेळी कडे पुरे उमटले.

रविवारी दिवस कलताना इंजिन जोडून झाले. चाचा आतली हवा कोंडणाऱ्या लिव्हरपाशी उभे राहिले. गिरजा अंगण ओलांडून दिराच्या दारात गेली.

"भाऊजी, भंगाराचं उद्या ठरवू. तुमच्या खांद्याचं मी कधी विचारलं नाही, चुकलं माझं. आज हँडलला एक हात तुमचा, एक माझा."

दीर चपला घालून निघाला. दोघांनी हँडल धरून वेग दिला आणि चाचांनी लिव्हर पाडली. ते पूर्वीसारखे सैल फिरेना. आतून कोणी रेटा देत होते. दिराने चमकून वहिनीकडे पाहिले आणि दुसराही हात लावला. चाचांनी लिव्हर पाडली. इंजिनाने एक ठोका दिला, मग दुसरा, आणि जुन्या तालात ते चालू लागले.

सोमवारी भंगारवाला आला तेव्हा दीर दळणाचा डबा गिरणीत ओतत होता. गिरणीच्या आवाजात बोलणे ऐकू जाईना, म्हणून त्याने हातानेच नको म्हटले.

चमकायला माणूस एकटा पुरतो. बसायला दुसरा लागतो.