कुणीही चुकलं असतं

"मग मी आणखी काय शिकायला पाहिजे होतं मॅडम, तेवढं तरी सांगा!"

असं म्हणून डॉक्टर बोरगमवारनं फाईल बाईंच्या पुढ्यात ठेवली. ठेवली कसली, आपटली.

बाई म्हणजे डॉक्टर विमल डोईफोडे. आमच्या सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग त्यांनी सव्वीस वर्षं चालवला. मी त्यांचा वॉर्डबॉय. आता दोघंही रिटायर. सकाळी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतो. त्या पेपर वाचतात, मी शेंगा फोडतो.

बोरगमवार त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याच विभागात त्यांच्या जागेवर बसतो. हुशार आहे. आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत आहे.

फाईलमध्ये सर्टिफिकिटं होती. डॉक्टर झाल्यावरही या लोकांना शिकत राहावं लागतं. वर्गाला बसलं की गुण मिळतात. गुण भरले नाहीत तर परवाना पुढं चालत नाही.

"बेचाळीस झालेत," तो म्हणाला. "लागतात त्यापेक्षा बारा जास्त. जिल्ह्यात कुणाचे नाहीत."

बाई एकेक पान उलटत होत्या. एका पानावर थांबल्या.

"सर्पदंश. दोन दिवस."

"परीक्षा पण होती. मी पहिला आलो."

"मण्यार सांग."

त्यानं शाळेतल्या पोरासारखं घडाघडा सांगितलं. "मण्यार खाली झोपलेल्याला अंथरुणात चावते. दुखत नाही. खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, माणूस पित्त समजतो. मग पापण्या..."

गाडी तिथंच अडकली.

"मग पापण्या काय?"

"जड होतात... उचलत नाहीत. त्यानंतर श्वास."

बाईंनी फाईल मिटली.

आठ दिवसांपूर्वी पहाटे तांड्यावरची अंजना आडे आईबरोबर दवाखान्यात आली होती. एकोणीस वर्षांची. पोटात दुखतंय म्हणाली. यानं पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. आठ वाजता तिला परत आणली, तेव्हा छाती हलत नव्हती. मागून गोधडी झटकली तर त्यात मण्यार निघाली.

सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. पुढचं मात्र त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं.

"पापण्या बघितल्या नाहीस?" बाईंनी विचारलं.

त्यानं फाईल स्वतःकडं ओढून घेतली.

"विचारतेय मी."

"बघितल्या."

"मग?"

"ती खाली बघत होती, मॅडम. लग्न ठरलेली पोरगी. मला वाटलं, लाजतेय."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"आई तिला म्हणाली, साहेबाकडं बघ की गं, असं काय करतीस. तिनं मान उचलली. डोळे नाही उचलले. मी म्हटलं... राहू द्या मावशी. लाजतेय ती."

"हसलास?"

"हो."

मग तो खाली फरशीवरच बसला. खुर्ची होती शेजारी.

समोरच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज.

"पुढच्या महिन्यात हैदराबादला मोठा कोर्स आहे," तो म्हणाला. "तीन दिवसांचा, फक्त सापांवर. मी नाव घातलंय."

"जा की."

"पण सोमवारी चौकशी कमिटीपुढं उभं राहायचंय. तुमचं एक पत्र पाहिजे होतं. कुणीही चुकलं असतं, एवढंच लिहा. तुमचा शब्द कमिटी मोडणार नाही... नाहीतर माझं सगळं संपलं, मॅडम."

माझं डोकं फिरलं. "तिकडं पोरगी गेली, अन् तुम्हाला कागद पाहिजे होय?"

"तुम्ही मधे बोलू नका, दौलतमामा. जन्मभर स्ट्रेचर ढकललंत. तुम्हाला यातलं काय कळतंय?"

"ढकललं. पण वरचं माणूस बघून ढकललं."

"दौलत," बाई म्हणाल्या, "तू शेंगा फोड."

त्यांनी आतून कागद आणला. गुडघ्यावर पाटी घेऊन हळूहळू लिहिलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलं.

"अंजना आडे हिच्या डोळ्यांवर विष चढलं होतं. डॉक्टरांना वाटलं, ती लाजते आहे. कुणीही चुकलं असतं."

खाली सही केली.

मला राहवलं नाही. "बाई, खोटं कशाला लिहिता? तुम्ही नसता चुकलात."

बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसत राहिल्या.

"गिरणीवाल्याची सून आठवते का रे तुला?"

आठवते. नवऱ्याशी भांडण झालं आणि पडली, म्हणून दवाखान्यात आणली होती. सोंग करतेय, असं सासू म्हणाली, नवरा म्हणाला, नर्स म्हणाल्या. बाईही तेच म्हणाल्या. दुपारी गेली. तिचं स्ट्रेचर मीच ढकललं होतं. सोंग म्हणणाऱ्यांत मीपण होतो.

मी परत शेंगा फोडायला लागलो.

बोरगमवारनं पत्र घ्यायला हात पुढं केला. बाईंनी कागद सोडला नाही. दोघांच्या बोटांत तो तसाच ताणलेला.

"सोमवार लांब आहे," बाई म्हणाल्या. "आज तांड्यावर जा. तिच्या आईला हे वाचून दाखव. तिला अक्षर येत नाही, तेव्हा तुलाच वाचावं लागेल. तिनं असू दे म्हटलं, तर ने कमिटीकडं."

"आणि नाही म्हणाली तर?"

"फाडून टाक."

तो बाईंकडं बघत राहिला. मग माझ्याकडं बघितलं.

"तिचा भाऊ त्या दिवशी अंगावर आला होता माझ्या. चार जणांनी धरला त्याला."

"माहीत आहे."

"दौलतमामांना तरी बरोबर पाठवा."

मी उठायला लागलो. बाईंनी नुसत्या हातानं मला खाली बसवलं.

"एकटा जा. गाडी अलीकडंच लाव, चालत जा."

तेव्हा कुठं त्यांनी कागद सोडला. त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला. पायरी उतरून बूट घालायला लागला, तर नाडी बांधता येईना. डॉक्टर माणूस, लोकांना टाके घालतो, आणि नाडी बांधता येईना.

"मॅडम," तो खाली बघूनच म्हणाला, "त्यांनी मारलंच... तर?"

"मारलं तर सरळ घरी जा. हळद लाव आणि झोप."

बाईंनी पेपर उचलला. परत खाली ठेवला.

"पण बसायला बाज टाकली, चहा विचारला... तर झोप लागणार नाही तुला. इकडं ये. कितीही उशीर होऊ दे. मी जागी असेन."